तीनशे अकरा रविवार आणि एक शुक्रवार

मी, धर्मराज विठ्ठलराव डोईफोडे, वय साठ, कनिष्ठ महाविद्यालयातील मराठीचा निवृत्त शिक्षक, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला राग आहे, परंतु तो बुद्धीच्या आड येत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असा घरात एकच माणूस आहे आणि त्याला हा कागद ठाऊक नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी विमलबाई २०१४ मध्ये वारली. आम्हांस अपत्य नाही. माझे आईवडील हयात नाहीत. मला एक धाकटा भाऊ आहे, बद्रीनाथ. तो राजकारणात आहे. त्याला सत्यम हा मुलगा आणि तेजश्री ही मुलगी. तेजश्री पुण्यात संगणकाचे काम करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. ती बद्रीनाथची मुलगी आहे, हे मी विसरलेलो नाही. घरात दिलेला शब्द पाळणारी ती एकटी आहे, म्हणून तिला नेमले.

२. वाटणीत माझ्याकडे आलेली दोन एकर दहा गुंठे जमीन आणि राहत्या घरातील पूर्वेकडच्या तीन खोल्या मी तेजश्रीला देतो. बद्रीनाथला माझ्या स्थावरातून काही नाही. त्याला कशाची कमी नाही. जे कमी आहे त्याची सोय कलम ११ मध्ये केली आहे.

३. बँकेतील शिल्लक तेजश्रीने कलम १२ च्या खर्चासाठी वापरावी. उरेल ती तिची.

४. वस्तू. पुस्तके तेजश्रीला. तिला ती ठेवायला जागा नसेल तर गावातील शाळेला. कॅमेऱ्याचे तिवई-स्टँड विमलने घेतले होते, ते कोणाला देऊ नये. त्याचे काय करायचे ते मला सुचलेले नाही.

लोखंडी घडीची खुर्ची छबुबाईला. छबुबाई कोण, ते पुढे येईल. खुर्ची दुमडते, ट्रॅक्टरवर नेता येते, म्हणजे तिला ती उसाच्या फडावरही नेता येईल.

सत्यमला एक हार्ड डिस्क. चार टेराबाइट, नवी, सील न फोडलेली. त्याला पुन्हा कधी जागा कमी पडू नये, आणि जागेसाठी दुसऱ्याचे काही काढून टाकावे लागू नये.

५. माझी खरी मिळकत वर आलेली नाही. ती एक पूर्णांक सात टेराबाइट आहे आणि ती या घरात नाही.

माझी आई बायनाबाई हिने एकोणीस हंगाम ऊस तोडला. पुढे वडील मुकादम झाले, घर वर आले, आईचा कोयता माळ्यावर गेला. जुलै २००९ पासून मी जमेल त्या रविवारी तिला या घडीच्या खुर्चीवर बसवून बोलते करीत असे. कॅमेरा विमल धरायची. पहिल्या काही वर्षांत तिच्या बांगड्यांचा आवाज येतो. कोणत्या कारखान्याला कोणत्या साली गेलो, राहायची झोपडी, म्हणजे कोपी, कुठे बांधली, कोण बाळंत झाली, कोण वाटेत मेले, हे आई नावांसकट सांगत असे. हंगाम नसला की छबुबाई शेजारी बसायची आणि आईला दुरुस्त करायची.

"बायने, ते साल न्हवतं ते. त्या साली बैल मेलता आपला."

"तुला लई ठाव, छबे. बैल माझा का तुझा?"

असे तीनशे अकरा रविवार आहेत. आणि एक शुक्रवार. १९ फेब्रुवारी २०२१. त्या दिवशी आईने स्वतःहून कॅमेरा लावायला सांगितला. त्याआधी निरोप धाडून छबुबाईला फडावरून बोलावून घेतले होते. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचे आहे आणि ते सगळे बद्रीनाथला उद्देशून आहे. तो तेव्हा तिकिटासाठी मुंबईत होता. अकरा दिवसांनी आई गेली. तो तिसऱ्या दिवशी पोहोचला.

६. आई गेल्यावर दोन हार्ड डिस्कपैकी एक बंद पडली, उरली ती संगणकातली. आतून टिकटिक आवाज येई, फाईल उघडत नसे. मी घाबरलो. इंटरनेटवर साठवायचे ठरवले. इथे मी चूक केली आणि ती मी लपवीत नाही.

आमच्या गावात मोबाईल घेतला की दुकानदार हनुमान स्वतःच ईमेल उघडून देतो. नंबर स्वतःचा टाकतो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहितो. अर्ध्या गावाची खाती त्या वहीत आहेत. विसरले की लोक त्याच्याकडे जातात, तो वही उघडतो. कोणाला यात गैर वाटत नाही. मी छत्तीस वर्षे शिकवले, मलाही वाटले नाही. मी त्याला म्हणालो, मोठ्या फाईली आहेत, सुरक्षित राहिल्या पाहिजेत. तो म्हणाला, "सर, काही टेन्शन घेऊ नका, दोन टीबीचा प्लॅन टाकतो." त्याच्या नंबरावर माझ्या आईचे खाते निघाले.

दुसरी चूक अधिक मोठी होती. ती सेवा बॅकअप नव्हती. संगणकावर जे आहे तेच वर दिसणार, इथे पुसले की तिथेही पुसले जाणार, अशी होती. पुढे तेजश्रीने मला समजावले, "मोठे बाबा, तुम्ही घेतला तो आरसा होता. तुम्ही उठून गेलात की आरशातूनही जाता. तुम्हांला फोटो हवा होता." मी दोन्हींतील फरक विचारला नव्हता. किंमत विचारली होती.

७. ३ जानेवारी २०२४ रोजी मी गच्चीच्या शिडीवरून पडलो. मांडीचे हाड मोडले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात चौतीस दिवस होतो. १७ जानेवारीला बद्रीनाथचा एक्कावन्नावा वाढदिवस होता. मैदानावर मंडप, ड्रोन, चार कॅमेरे. चित्रीकरण ठेवायला जागा हवी होती. माझी खोली उघडी होती, संगणक चालू होता.

९ जानेवारीला सत्यमने 'आई' नावाच्या फोल्डरमधले सर्व काढून टाकले आणि त्याच फोल्डरमध्ये वडिलांचा वाढदिवस भरायला सुरुवात केली.

हे मला कोणी सांगितलेले नाही. मी ऐकले. त्या दिवशी खोलीत दुसरा कॅमेरा तपासत होते आणि तो चालू होता. ती फाईलही त्याच फोल्डरमध्ये पडली आणि आपोआप वर गेली. एक मिनिट बावन्न सेकंद. चित्रात फक्त माझ्या टेबलाचा पाय दिसतो. सत्यमने फोन स्पीकरवर ठेवला आहे.

"पप्पा, मोठ्या बाबांच्या कॉम्प्युटरवर आजीचं भरून ठिवलंय सगळं. जागाच न्हाई. काय करू?"

"काढून टाक बे. म्हातारीची बडबड हाय ती. कोण बघायलंय?"

"मोठे बाबा आल्यावर इचारतेल की."

"त्यांचं मी बघतो. तू ड्रोनवाल्याचं बघ."

त्याच फोल्डरमध्ये वाढदिवसाचे न कापलेले चित्रीकरणही आहे. बद्रीनाथ माईकवर म्हणतो, "मी उसाच्या फडात जन्मलेला माणूस आहे." टाळ्या पडतात. तेवढ्यात छबुबाई नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन पायऱ्या चढते. ती उसाच्या ट्रकमध्ये बसून, एक रात्र प्रवास करून, आदल्या दिवशी गावात आली होती. बद्रीनाथचा वाढदिवस हंगामात येतो. इतक्या वर्षांत तिला तो कधी बघायला मिळाला नव्हता. बद्रीनाथ तिच्याकडे बघतो. ओळखतो. चित्रात ते दिसते. मग माईकवर हात ठेवतो, पण जवळच्या कॅमेऱ्यावर हात ठेवायचे त्याला सुचत नाही.

"हिला कोणी चढवली बे वर? फोटो व्हायलेत. खाली घ्या."

दोघे तिचे दंड धरतात. नारळ घरंगळत खुर्च्यांखाली जातो. ती म्हणते, "आरं, म्या छबू हाय." ती हे तीनदा म्हणते.

८. मी ६ फेब्रुवारीला घरी आलो. संगणकापुढे बसलो. 'आई' उघडले. आत बद्रीनाथ होता.

पुसलेल्या फाईली ती सेवा तीस दिवस ठेवत असे. ९ जानेवारीपासून मोजले तर माझ्या हातात दोन दिवस होते. आत शिरायला पासवर्ड हवा होता, तो हनुमानच्या वहीत. ओटीपी हवा होता, तो हनुमानच्या फोनवर. सकाळी गेलो तर दुकान बंद. तो मेहुण्याच्या लग्नाला दिंद्रुडला गेलेला. फोन लागेना. मी वॉकर जीपमध्ये टाकला आणि दिंद्रुडला गेलो.

तो वरातीत नाचत होता. हात हळदीने पिवळे.

"सर? तुमी? अन् ह्या पायावर?"

"तुझा फोन दे. खाते उघडायचे आहे."

"आत्ता? नवरदेव घोड्यावर हाय सर!"

त्याने फोन दिला. वही दुकानात होती, पण पासवर्ड त्याला पाठ होता. तो माझाच मोबाईल नंबर होता. आचाऱ्यांच्या मागे, भाताच्या पातेल्याशेजारी खुर्ची टाकून मी बसलो. हनुमानने मला जुने संदेश दाखवले. आपल्या खात्यातून मोठ्या संख्येने फाईली काढण्यात आल्या आहेत. चार वेळा आले होते.

"म्या म्हणलं फ्रॉड हाय. लई येतेत सर असले मेसेज."

मी 'सर्व परत आणा' दाबले. बँड वाजत होता. आकडा हळूहळू चढला. तीनशे बारा. मी अकरा मिनिटांची ती एक फाईल उघडून बघितली. आवाज ऐकू आला नाही, बँड मोठा होता. ओठ हलत होते.

हनुमानला मी म्हणालो, हे कोणालाही सांगायचे नाही. तो म्हणाला, "न्हाई सांगणार. पण जेवून जा." मी जेवलो. त्याने आजवर सांगितलेले नाही. म्हणून या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तो आहे.

९. त्यानंतर मी दुसरी सेवा निवडली. या वेळी किंमत शेवटी विचारली. तेजश्रीला फोनवर एकेक प्रश्न विचारून लिहून घेतला. तिला वाटले माझी व्याख्याने आहेत. तिची मी क्षमा मागतो. इथे पुसले तरी तिथे राहते का? किती दिवस? पैसे थकले तर किती मुदत देतात? काही फाईली वीस-वीस जीबीच्या आहेत, चालेल का? तीन कंपन्या पहिल्या प्रश्नावर गळल्या, एक तिसऱ्यावर.

उरलेल्या दोघींपैकी एकीत कुलपाची किल्ली वापरणाऱ्याने स्वतः ठरवायची होती. ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही, असा लाल अक्षरांत इशारा होता. तेजश्री म्हणाली, "ही नको मोठे बाबा. वय झालं, विसरलात तर सगळं गेलं." मी कंपनीच्या माणसाला लिहून विचारले, मी मेल्यावर माझ्या भावाने मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाठवले तर? उत्तर आले, किल्लीशिवाय आम्हांलाही उघडता येणार नाही, क्षमस्व.

मी त्याच दिवशी पैसे भरले.

फाईली उतरवून पुन्हा चढवायला फेब्रुवारी ते मे लागले. लाईट जाई म्हणून इन्व्हर्टर घेतला. आईची एकोणीस वर्षे एका तारेतून वर गेली. मग जुने खाते संगणकापासून तोडून मी रिकामे केले. संगणकावर 'आई' या फोल्डरमध्ये बद्रीनाथचा वाढदिवस तसाच ठेवला.

१०. २ मार्च २०२५ रोजी, आईच्या पुण्यतिथीला, बद्रीनाथ माझ्या खोलीत आला. त्याला आईवर फिल्म करायची होती, निवडणुकीसाठी. प्रथम फिल्मबद्दलच बोलला.

"दादा, एखादा तरी व्हिडिओ असंल की. मोबाईलमदी बी न्हाई?"

"नाही."

"नुस्ता आवाज?"

"सत्यमला विचार."

मग तो फिल्म सोडून बोलला.

"छबुबाई गावात सांगती म्हणं, आई जाताना माझ्यासाठी काईतरी बोलून गेली. खरं हाय का?"

"छबुबाई तिथे होती. तिला विचार."

"तिला कसं इचारू, दादा?"

तो रडला. रडताना तो आईसारखा दिसतो. किल्ली टाकली की रेकॉर्डिंग उघडेल असा संगणक तेव्हा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मला बरे वाटले. पूर्ण शुद्धीत असताना वाटले, याची इथे नोंद असावी.

हे मृत्युपत्र त्याच्या त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

११. सदर सेवेच्या किल्लीचे दोन भाग आहेत. दोन्ही मिळूनच कुलूप उघडते. पहिला भाग तीस अक्षरांचा आहे, तो पाकिटात घालून तेजश्रीकडे सोपवला आहे. माझ्या तेराव्यानंतर तिने तो बद्रीनाथला द्यावा. हा त्याचा वारसा.

दुसरा भाग कोणत्याही कागदावर नाही.

बद्रीनाथ १९७३ च्या जानेवारीत फडावर जन्मला. मी सात वर्षांचा होतो, कोपीबाहेर पाचटावर बसलो होतो. आईला ताप चढला, तो महिनाभर उतरला नाही. छबुबाई तेव्हा वीस वर्षांची होती. तिचे मूल त्याच हंगामात जाऊन आठ दिवस झाले होते. बद्रीनाथची नाळ तिने कोयत्याने कापली आणि चाळीस दिवस त्याला अंगावर पाजले. त्या चाळीस दिवसांत ती त्याला एका नावाने हाक मारी. ते नाव तिच्या गेलेल्या मुलासाठी ठरवलेले होते. बारशाला बद्रीनाथ हे नाव ठेवल्यावर तिने ते वापरणे बंद केले. ते नाव आईला ठाऊक होते, मला आहे, छबुबाईला आहे. आई गेली. मीही गेल्यावरच हे वाचले जाईल.

ते नाव म्हणजे किल्लीचा दुसरा भाग. साधे आहे, लिहिण्यात चूक होण्यासारखे नाही.

बद्रीनाथने स्वतः छबुबाईकडे जावे आणि विचारावे की, तू मला काय म्हणायचीस. माणूस पाठवू नये. फोन करू नये. तिला गाडी पाठवून बोलावून घेऊ नये. ती बहात्तर वर्षांची आहे आणि अजून नातवंडे सांभाळायला फडावर जाते. हंगामात तिचे घर बंद असते, म्हणजे त्याला कोपीवर जावे लागेल. ती घडीच्या खुर्चीवर बसेल. त्याने जागा मिळेल तिथे बसावे. सोबत तेजश्री असावी, दुसरे कोणी नाही, कॅमेरा तर नाहीच.

सांगायचे की नाही, हे छबुबाईच्या मर्जीवर आहे. मी तिला बांधून घेतलेले नाही. यंदा फडावर निघताना मी तिला एवढेच म्हणालो की, एक दिवस बद्री येईल, तू त्याला काय म्हणायचीस ते विचारायला.

"तो कशाला येतोय कोपीवर? त्याची कापडं लई पांढरी हायेत."

"आला तर?"

"आला तर आदी भाकर खाऊ घालीन. मग बघू." ट्रॅक्टर सुरू झाल्यावर वरून ओरडली, "धर्मा, तू बी लई खोडील हायेस बाबा!"

तिचे म्हणणे मला मान्य आहे.

१२. माझ्या मृत्यूनंतर तीन हंगाम तेजश्रीने सेवेचे पैसे भरावेत. माझे सिमकार्ड साध्या फोनमध्ये घालून रिचार्ज चालू ठेवावे, कारण ओटीपी त्यावर येतो. बंद पडले तर नंबर दुसऱ्याला देतात. चौथ्या हंगामाचे पैसे भरू नयेत. मुदत टळल्यावर साठ दिवसांनी कंपनी सर्व पुसून टाकील. छबुबाई त्याआधी गेली, तर नाव तिच्याबरोबर जाईल आणि कुलूप कायमचे लागेल. दोन्ही प्रकारांत आईही पुसली जाईल, हे मला कळते. तीनशे अकरा रविवार मी तिच्यासमोर बसलो होतो. मला बघायची गरज नाही.

बद्रीनाथ गेला आणि कुलूप उघडले, तर सर्व रेकॉर्डिंग तेजश्री आणि छबुबाई यांच्या समाईक मालकीची होतील. फिल्मसाठी त्यातले सेकंदभरही द्यायचे असेल तर छबुबाईचा अंगठा लागेल.

१३. माझ्या अंत्यविधीचा फ्लेक्स लावू नये. त्यावर बद्रीनाथचा फोटो माझ्यापेक्षा मोठा असेल. माझ्याविषयी कोणी भाषण करू नये. सत्यमने खांदा दिला तर चालेल. तो वाईट नाही, त्याने विचारले होते.

१४. शेवटचे. कुलूप उघडल्यावर फाईली ज्या क्रमाने दिसतील तो मी लावून ठेवला आहे. क्रमांक एकवर ती एक मिनिट बावन्न सेकंदांची फाईल आहे, टेबलाच्या पायाची. क्रमांक दोनवर मंडप, नारळ. क्रमांक तीनवर शुक्रवार. तेजश्रीने त्या याच क्रमाने लावाव्यात आणि मध्ये थांबू नये. बद्रीनाथने आधी स्वतःचा आवाज ऐकावा, मग आईचा.

आई त्याला काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. एवढेच लिहितो की त्या अकरा मिनिटांत ती त्याच्यावर एकदाही रागावलेली नाही. मी पुष्कळ शोधले. माझ्याजवळ यापेक्षा कठोर शिक्षा नव्हती.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, बरोबर आहे. खालील दोघांच्या समक्ष सही केली. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

धर्मराज विठ्ठलराव डोईफोडे
(सही)

साक्षीदार
१. हनुमान नाथा गदळे, मोबाईल दुकानदार, नांदूरघाट (सही)
२. अजिनाथ रंगनाथ मुळे, निवृत्त पोस्टमन, नांदूरघाट (सही)

ठिकाण : नांदूरघाट
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार